घरातला पंखा आणि हवा मोजणारे यंत्र

घरात ठेवलेल्या हवा-गुणवत्ता मापकावर पंख्याचा परिणाम दोन वाटांनी होतो. पंखा खोलीतली हवा ढवळतो, जमिनीवरची धूळ उचलतो, उघड्या खिडकीतून बाहेरची हवा आत यायला मदत करतो. अशा वेळी मापकावरचा आकडा बदलतो तो हवाच बदलली म्हणून. दुसऱ्या वाटेने हवा आहे तशीच राहते, पण पंख्याचा झोत मापकाच्या छिद्रांवर आदळतो आणि आतल्या मोजणीत ढवळाढवळ करतो. पहिला बदल खरा असतो, दुसरा दिखाऊ. पडद्यावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात. पंखा लावताच आकडा उतरला म्हणून निर्धास्त होणारे आणि आकडा चढला म्हणून धास्तावणारे, दोघेही बहुधा हा फरक न करताच निष्कर्षाला पोहोचलेले असतात.

नवी मुंबईत असे मापक विकत घेण्याची कारणे उघड आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले आणि तळोज्याचे कारखाने, सायन-पनवेल महामार्ग, उरणच्या बंदराकडे धावणारे कंटेनर, पारसिकच्या डोंगररांगेतल्या दगडखाणी आणि जुन्या इमारती पाडून चाललेला पुनर्विकास यांमुळे हवेविषयीची चौकशी घरापर्यंत आली आहे. त्यात हवामान असे दमट, की थंडीतल्या मोजक्या रात्री सोडल्या तर डोक्यावरचा पंखा फिरताच असतो. त्यामुळे मोजणीच्या वेळी पंखा बंद करा, हा सल्ला इथे फारसा उपयोगाचा नाही. पंखा बंद करून घेतलेला आकडा त्या घराचा आकडाच नव्हे, कारण त्या घरात पंखा बंद करून कोणी राहत नाही. मापक कुठे ठेवायचा आणि पंख्यामुळे झालेला बदल कसा वाचायचा, एवढेच ठरवायचे उरते.

आधी खोलीतल्या हवेचे पाहू. १२०० मिलिमीटरच्या नेहमीच्या सीलिंग फॅनच्या खोक्यावर दर मिनिटाला साधारण २०० ते २३० घनमीटर हवा फेकण्याची क्षमता छापलेली असते. दहा बाय बारा फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत एकूण हवा मावते सुमारे ३२ घनमीटर. म्हणजे पूर्ण वेगावर खोलीतल्या हवेइतकी हवा मिनिटाला सहा-सात वेळा पात्यांतून जाते. ती खाली येते, जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते, भिंतींच्या कडेने वर चढते आणि पुन्हा पात्यांकडे खेचली जाते. पंख्याच्या बरोबर खाली तिचा वेग सेकंदाला २ ते ३ मीटर असतो, भिंतीजवळ त्याहून कितीतरी कमी, आणि पडद्याआड किंवा कपाटामागे जवळजवळ काहीच नाही.

या फिरण्याने धुळीचे काय होते ते कणांच्या आकारावर ठरते. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने खाली बसतो, म्हणजे छतापासून जमिनीवर यायला त्याला पंधरा-सोळा मिनिटे लागतात. २.५ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला चार तास लागतात, आणि धुरातले त्याहून बारीक कण तर जवळजवळ बसतच नाहीत. म्हणून पंखा बंद असताना जाड धूळ आपोआप खाली बसून पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण, घटतो. पंखा लावला की तीच धूळ तरंगत राहते किंवा पुन्हा उठते. केर काढल्यानंतर लगेच, गादी झटकल्यावर किंवा आठवडाभर बंद असलेल्या खोलीतला पंखा प्रथम लावल्यावर पात्यांवरची राख-धूळ झडते तेव्हा हा परिणाम ठळक असतो. पीएम २.५ वर, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या प्रमाणावर, मात्र पंख्याचा असा थेट परिणाम थोडाच होतो. बारीक धूर पंख्याने नाहीसाही होत नाही आणि निर्माणही होत नाही. तो फक्त सगळीकडे सारखा पसरतो.

हे सारखे पसरणे मापकाच्या दृष्टीने बहुतेक वेळा चांगलेच असते. देवघरात उदबत्ती लावली आणि पंखा बंद असेल, तर धुराची दोरी सरळ वर जाते, छताशी पसरते आणि तिथून हळूहळू खाली उतरते. मापक दहा फुटांवरच्या टीपॉयवर असेल तर कित्येक मिनिटे त्याला या धुराचा पत्ताच लागत नाही. तोच देवघराच्या फळीवर, उदबत्तीपासून हातभर अंतरावर असेल, तर कोणी शेजारून गेले तरी दोरी वाकडी होऊन त्यात शिरते. पीएम २.५ चा आकडा ४० वरून ४०० वर जातो आणि पुन्हा खाली येतो. या दोन्हींपैकी कुठलाच आकडा घरातली माणसे श्वासात घेत असलेल्या हवेचा नाही. पंखा मध्यम वेगात असेल तर दोन-तीन मिनिटांत धूर खोलीभर मिसळतो आणि मापक कुठेही असला तरी जवळपास एकच आकडा दाखवतो. हा आकडा उदबत्तीशेजारच्यापेक्षा लहान आणि टीपॉयवरच्यापेक्षा मोठा असतो, आणि खोलीचा म्हणून तोच धरावा. स्वयंपाकघरातल्या मिरची-मोहरीच्या फोडणीचेही असेच. कट्ट्यावरचा मापक फोडणीचा क्षण सांगतो, हॉलमधला मापक त्या फोडणीचा घरावर झालेला परिणाम सांगतो.

पंख्यामुळे ताजी हवा मिळते, हा समज फार पक्का आहे. तो तपासायला कार्बन डायऑक्साइड मोजणारा मापक उत्तम. बंद बेडरूममध्ये झोपलेली दोन मोठी माणसे तासाला सुमारे २२ ते २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोलीला फटीच नसत्या तर ३२ घनमीटरच्या खोलीत हा वायू तासाला सातशे पीपीएमच्या (हवेच्या दशलक्ष भागांत सातशे भाग) आसपास वाढला असता. प्रत्यक्षात स्लायडिंग खिडकीच्या फटींमुळे आणि दाराखालच्या जागेमुळे वाढ याहून मंद असते, पण रात्रभर पंख्याचा रेग्युलेटर पाचावर असला तरी ती थांबत नाही, कारण पंखा तीच हवा फिरवत असतो. खिडकी चार बोटे सरकवली की अर्ध्या तासात फरक दिसतो. कार्बन डायऑक्साइडच्या मापकावर पंख्याचा एक उपकारही आहे: उशाशी ठेवलेल्या यंत्रावर थेट उच्छ्वास जात असेल तर पंखा नसताना आकडा उगाच फुगतो, पंखा तो पुंजका विस्कटून टाकतो.

आता यंत्राच्या आतल्या बाजूकडे. घरगुती मापकांत धूळ मोजण्यासाठी बहुधा लेसरचा छोटा डबीसारखा सेन्सर असतो. प्लँटॉवरचे पीएमएस५००३ आणि पीएमएस७००३, सेन्सिरिऑनचा एसपीएस३०, नोव्हाचा एसडीएस०११ ही त्यांतली चांगलीच रुळलेली नावे. पुष्कळ ब्रँडच्या देखण्या डब्यांत यांच्यापैकीच एखादा बसवलेला असतो. प्रत्येकाच्या पोटात नखाएवढा पंखा असतो. तो एका छिद्रातून हवा ओढतो, लेसरच्या किरणासमोरून नेतो आणि दुसऱ्या छिद्रातून बाहेर टाकतो. कणांवरून विखुरलेला प्रकाश बाजूचा फोटोडायोड टिपतो आणि त्यावरून कणांचे प्रमाण काढले जाते.

हा नखाएवढा पंखा अगदी अल्प दाबावर चालतो, आणि घरातल्या पंख्याशी त्याचा सामना होतो तो इथे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला १ मीटर वेगाचा वारा छिद्रावर सुमारे ०.६ पास्कल दाब देतो, ३ मीटरचा ५ पास्कल, आणि जवळ ठेवलेल्या टेबल फॅनचा ४ मीटरचा झोत ९ पास्कलहून जास्त. झोत आत ओढणाऱ्या छिद्रावर आला तर आतला प्रवाह वाढतो. बाहेर टाकणाऱ्या छिद्रावर आला तर तो मंदावतो, कधी उलटतोही. ज्या सेन्सरमध्ये कण एकेक करून मोजले जातात आणि ठरावीक प्रवाह गृहीत धरून त्यावरून प्रमाण काढले जाते, तिथे प्रवाहातली चूक सरळ आकड्यात उतरते. प्रवाह निम्मा झाला की कणही निम्मे मोजले जातात आणि हवा होती त्यापेक्षा स्वच्छ भासते. ज्यांत कणांच्या ढगाकडून येणारा एकूण प्रकाश मोजला जातो, तिथे ही चूक बरीच कमी होते, कारण ढग जोरात सरकला काय आणि हळू सरकला काय, त्याची दाटी तीच राहते. प्लँटॉवरचे सेन्सर बऱ्याच अंशी या दुसऱ्या प्रकारासारखे वागतात, म्हणून पंख्यासमोर ते वाटतात तेवढे कोलमडत नाहीत. तरीही उत्पादकांच्या सूचना एका सुरात आहेत: सेन्सर बाहेरच्या वाऱ्यापासून आडोशाला ठेवावा, आत ओढणारे आणि बाहेर टाकणारे छिद्र एकमेकांपासून अलग करावे.

पोटात पंखाच नसलेले जुने, स्वस्त सेन्सर याहून नाजूक. शिन्येईचा पीपीडी४२ आत एक छोटा तापलेला रोध ठेवून गरम हवा वर जाण्याच्या ओढीवर चालतो, त्यामुळे तो उभाच ठेवावा लागतो. शार्पच्या जीपी२वाय मालिकेतल्या सेन्सरमध्येही हवा आत येते ती आपल्या चालीने. अशा यंत्रावर सीलिंग फॅनचा वारा आला की मोजणीचा पायाच निखळतो. हजार रुपयांच्या आतल्या मापकात असा सेन्सर आहे का, हे विकत घेतानाच पाहावे. पंख्याच्या घरात तो न घेतलेला बरा.

कणाच्या आकाराचा मुद्दा इथेही येतो. सेकंदाला ३ मीटर वेगाने चाललेली हवा छिद्रात शिरण्यासाठी वळते तेव्हा १० मायक्रॉनचा कण जडत्वाने जवळजवळ १ मिलिमीटर सरळ पुढे जातो. छिद्रच काही मिलिमीटरचे, त्यामुळे असे बरेच कण आत वळतच नाहीत. २.५ मायक्रॉनचा कण फक्त ०.०६ मिलिमीटर भरकटतो, म्हणजे हवेबरोबर आज्ञाधारकपणे वळतो. थोडक्यात, झोतात ठेवलेल्या मापकाचा पीएम २.५ बऱ्यापैकी टिकतो, पीएम १० घसरतो. आणि मुळात या स्वस्त लेसर सेन्सरना जाड धूळ फारशी दिसतच नाही. त्यांच्यावरचा पीएम १० हा बऱ्याच अंशी बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. म्हणून एक चमत्कारिक परिस्थिती येते: पंख्याने खरोखरच जाड धूळ उठवली तरी मापक शांत असतो. केर काढताना नाकाला जाणवते ते यंत्राला जाणवत नाही. घरगुती मापकाच्या पीएम १० वर कुठलाही निर्णय बेतू नये.

धुळीपलीकडच्या मोजमापांवर पंख्याचा वारा वेगळ्या रीतीने पडतो. वास आणि वाफा ओळखणारे टीव्हीओसी सेन्सर, म्हणजे एमक्यू-१३५ किंवा बीएमई६८० सारखे, धातूच्या ऑक्साइडचा थर शेकडो अंशांपर्यंत तापवून चालतात. उघड्या तापल्या थरावर वारा आला की तो निवतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि कुठलाही वास नसताना आकडा सरकतो. शिवाय यांतले बरेच आकडे तुलनात्मक असतात. काही यंत्रांवर १०० म्हणजे गेल्या चोवीस तासांची सरासरी, एवढाच त्याचा अर्थ. तळोजा, कोपरी किंवा खारघरच्या बाजूला रात्री येणाऱ्या रासायनिक वासाची नोंद ठेवण्यासाठी असा मापक वापरायचा असेल, तर तो वाऱ्याच्या झोतापासून हमखास दूर हवा, नाहीतर नोंद वासाची होते की रेग्युलेटर फिरवल्याची, हे नंतर सांगता येत नाही.

तापमान आणि आर्द्रतेचे गणित त्यामानाने सोपे. यंत्राचे सर्किट आणि पडदा स्वतः तापत असल्याने बंद हवेत बहुतेक मापक खोलीपेक्षा एक-दोन अंश जास्त दाखवतात. पंखा ती उष्णता काढून नेतो आणि आकडा खऱ्या तापमानाकडे येतो. म्हणजे इथे पंखा मोजणी सुधारतो. सेन्सर जितका जास्त तापलेला, तितकी त्याने सांगितलेली सापेक्ष आर्द्रता कमी. खरी आर्द्रता ८० टक्के असेल आणि सेन्सर २ अंशांनी गरम असेल, तर तो ७१ टक्क्यांच्या आसपास दाखवतो. पंखा लावल्यावर आर्द्रता चढलेली दिसते ती बऱ्याचदा यामुळे. काही यंत्रे आर्द्रता पाहून पीएम २.५ ची दुरुस्ती करतात, त्यामुळे ही चूक धुळीच्या आकड्यातही झिरपते, पण फार नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्लँटॉवर सेन्सरच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध केलेल्या सूत्रात आर्द्रतेच्या दर टक्क्याला ०.०८६ मायक्रोग्रॅम वजा होतात. आर्द्रता दहा टक्क्यांनी चुकली तरी फरक एका मायक्रोग्रॅमच्या आत राहतो. खरी अडचण पावसाळ्यातली. हवा ८० टक्क्यांवर ओली असली की कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात, आणि यंत्र धूळ वाढल्याचे सांगते. त्यात पंख्याचा दोष नाही.

एसीचा झोत मात्र पंख्याहून वाईट. तो थंड असतो, बाहेर पडताना जवळजवळ संपृक्त असतो, आणि दर काही मिनिटांनी कंप्रेसर चालू-बंद होताना बदलतो. त्या वाटेत ठेवलेल्या मापकाच्या तापमानावर, आर्द्रतेवर आणि वाफांच्या आकड्यावर करवतीच्या दात्यांसारखा आलेख उमटतो. एसीची जाळी जाड धूळ अडवते, पीएम २.५ फारसा अडवत नाही, तेव्हा एसी लावल्यावर बारीक कणांचा आकडा मिनिटभरात कोसळला तर तो संशयास्पद मानावा. एक्झॉस्ट फॅन याच्या उलट, खरा बदल घडवणारा. तो हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत येते. खिडकी रस्त्याकडे असेल आणि एक्झॉस्ट चालू असेल, तर फोडणीचा धूर जातो आणि पाम बीच मार्गाची किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याची हवा येते. सगळे बंद असेल तर ती जिन्याच्या पॅसेजमधून, दाराखालून शिरते. अशा वेळी हॉलमधला आकडा थोडा चढला तर यंत्राला बोल लावू नये.

एअर प्युरिफायरवरच्या आकड्याचे प्रकरण स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे, कारण तिथे पंखा आणि सेन्सर एकाच पेटीत असतात. सेन्सर पेटीच्या अंगालाच असल्याने तो आधी स्वतःच्या भोवतालची, नुकतीच गाळलेली हवा मोजतो. ताशी २०० घनमीटर स्वच्छ हवा देणारा प्युरिफायर ३२ घनमीटरच्या खोलीत धूळ एक-तृतीयांशाच्या थोडी वर आणायला दहा मिनिटे घेतो, तीही दारे-खिडक्या बंद असताना आणि नवा धूर होत नसताना. पेटीवरचा आकडा १२० वरून एका मिनिटात १५ वर आला, तर तो पेटीजवळचा आकडा आहे, पलंगावरच्या माणसाचा नव्हे. वेगळा मापक प्युरिफायरपासून दोन मीटर तरी दूर, त्याच्या झोताच्या रेषेबाहेर ठेवून दोन्हींचे उतरणे ताडून पाहावे. सीलिंग फॅन मंद गतीत ठेवल्यास खोलीतली हवा प्युरिफायरपर्यंत पोहोचायला मदत होते आणि दोन आकड्यांतले अंतर घटते.

आता जागा. नवी मुंबईतल्या वन-बीएचके किंवा टू-बीएचके घरात हॉलची मांडणी बहुधा ठरलेली: एका बाजूला टीव्ही, समोर सोफा, मध्ये पंखा, टोकाला बाल्कनी किंवा स्लायडिंग खिडकी. मापकासाठी चांगली जागा म्हणजे सोफ्याच्या बाजूच्या भिंतीवरचे उघडे शेल्फ, जमिनीपासून तीन ते पाच फूट. तिथे पंख्याची फिरती हवा पोहोचते, झोत पोहोचत नाही. पंख्याच्या खालचे टीपॉय, खिडकीचा कठडा, एसीच्या समोरची भिंत, देवघराची फळी, गॅसचा कट्टा, गरम हवा सोडणारा फ्रिज आणि टीव्हीची मागची बाजू या जागा टाळाव्यात. दार असलेल्या कपाटात किंवा पडद्याआड ठेवणे ही उलट टोकाची चूक. तिथे हवा शिळी राहते आणि स्वयंपाकघरात धूर झाला तरी मापकाला उशिरा कळते. जमिनीवर तर ठेवूच नये. प्लँटॉवरच्या माहितीपत्रकातही सेन्सर जमिनीपासून २० सेंटिमीटरच्या वर असावा असे म्हटले आहे, कारण खालची जाड धूळ आणि तंतू आत जाऊन छिद्र तुंबते. झोपेतली हवा जाणून घ्यायची असेल तर पलंगाच्या उंचीवर, पण उशीपासून तीन-चार फूट लांब. यंत्राची छिद्रे कुठल्या बाजूला आहेत ते एकदा नीट पाहून ती बाजू पंख्याकडे किंवा भिंतीला चिकटून येणार नाही अशी फिरवावी. मागच्या बाजूला निदान चार बोटे मोकळी असावीत.

जागा ठरली की तिची परीक्षा घ्यावी. त्यासाठी घरात काही शिजत नाही, केर काढलेला नाही, उदबत्ती किंवा डासांची कॉइल जळत नाही अशी वेळ निवडावी. दुपारी तीनच्या सुमाराची वेळ सोयीची पडते. खिडक्या बंद. अर्धा तास पंखा बंद, अर्धा तास रेग्युलेटर तीनवर, असे दोन-तीनदा आलटून पालटून करावे आणि प्रत्येक अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटे सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. एकदाच करून भागत नाही, कारण तेवढ्या वेळात बाहेरची हवाही बदलत असते.

सरासरीपेक्षा बदलाची चाल अधिक बोलकी असते. बटण दाबताच पाच-दहा सेकंदांत आकडा पायरी उतरावी तसा उतरला किंवा चढला, आणि बंद करताच तितक्याच झटक्याने परत आला, तर तो झोताचा परिणाम आहे, कारण खोलीभरची हवा इतक्या लवकर बदलत नाही. आकडा मिनिटामिनिटाने सरकत गेला आणि पंखा बंद केल्यावरही लगेच मागे फिरला नाही, तर हवाच बदललेली आहे. शंका उरली तर पंखा चालू असतानाच मापकापासून वीतभर अंतरावर, झोताच्या बाजूला पुठ्ठा उभा धरावा. आकडा लगेच हलला तर दोष झोताचा. हलला नाही तर जागा ठीक. मापकावर खोके पालथे घालू नये, मग तो खोक्यातली हवा मोजू लागतो. पीएम २.५ मधला चार-पाच मायक्रोग्रॅमचा फरक मात्र मनावर घेण्याचे कारण नाही. या सेन्सरच्या माहितीपत्रकांतच १०० पर्यंतच्या आकड्यांना दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅम इकडे-तिकडे अशी मुभा घेतलेली आहे.

घरचा आकडा नेरूळ, महापे, सानपाडा किंवा कळंबोलीच्या सरकारी हवा-मोजणी केंद्राशी ताडून पाहण्याचा मोह होतो. केंद्र सरकारच्या ‘समीर’ अ‍ॅपवर हे आकडे मिळतात. पण तुलना करायची तर खिडक्या पूर्ण उघडून, पंखा चालू ठेवून, तासभराच्या सरासरीने करावी, आणि दोन्हीकडे मायक्रोग्रॅमच पाहावेत. हवा-गुणवत्ता निर्देशांकाचे (एक्यूआय) माप देशागणिक निराळे आहे: पीएम २.५ जर ५५ मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय एक्यूआय ९२ च्या आसपास येतो आणि अमेरिकी पद्धतीने १४९. बाजारातली बरीच यंत्रे अमेरिकी माप दाखवतात आणि तेही त्या क्षणाच्या आकड्यावरून, तर भारतीय निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीचा. २००९ च्या भारतीय मानकानुसार चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची १५. हिवाळ्यात पहाटे वारा साधारणपणे जमिनीकडून, पूर्वेच्या बाजूने येतो आणि दुपारी खाडी-समुद्राकडून. त्यामुळे एकाच घराचे सकाळचे आणि दुपारचे आकडे पंख्याशिवायही फार वेगळे पडतात. पंख्याची परीक्षा जानेवारीच्या पहाटे घेतली तर या बदलातच ती बुडून जाते.

सुटा सेन्सर आणून स्वतः मापक जुळवणाऱ्यांची एक नेहमीची चूक आहे. हवा भरपूर मिळावी म्हणून ते डब्याला संगणकाचा जादा पंखा लावतात आणि सेन्सरच्या नाजूक प्रवाहाचा बोजवारा उडवतात. डब्याला दोन वेगळी तोंडे ठेवावीत, सेन्सरचे आत ओढणारे छिद्र एका तोंडाला आणि बाहेर टाकणारे दुसऱ्याला फोमच्या पट्टीने घट्ट बसवावे, नाहीतर बाहेर पडलेली हवा डब्यातच फिरून परत मोजली जाते. पीएमएस५००३ चा पंखा ५ व्होल्टवर चालतो. लांबलचक, बारीक यूएसबी केबलमुळे दाब उतरला तर पंखा मंदावतो आणि आकडे बिनसतात. ज्या यंत्रांत सेन्सर झोपवून मधूनमधून जागा केला जातो, तिथे जाग आल्यावर निदान ३० सेकंद गेल्याशिवाय आकडा घेऊ नये, कारण आतला पंखा स्थिरावलेला नसतो.

तोच आतला पंखा कालांतराने धुळीने जड होतो. एसपीएस३० दर १६८ तासांनी दहा सेकंद पूर्ण वेगाने फिरून स्वतःला झाडून घेतो. इतरांची जाळी महिन्यातून एकदा, यंत्र बंद करून, मऊ ब्रशने किंवा कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने साफ करावी. यंत्रातून घरघर येऊ लागली किंवा पावसाने धुतलेल्या स्वच्छ दुपारी, खिडक्या उघड्या असतानाही आकडा कधी दहाच्या खाली जाईनासा झाला, तर सेन्सर बदलण्याची वेळ आली असे धरावे. एसडीएस०११ च्या लेसरचे आयुष्य ८,००० तास सांगितले जाते, म्हणजे अखंड चालवल्यास अकरा महिने. तो दर पाच मिनिटांनी एकच मिनिट चालवला तर आयुष्य पाचपट होते, आणि त्या मिनिटातले पहिले तीस सेकंद सोडून उरलेल्यांची सरासरी घरगुती कामाला पुरते.